छोट्या बिनटर्बो इंजिनातून जास्त ताकद कशी काढावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबाने कोंबणारी यंत्रं) नसलेल्या, साधारण ८०० ते १६०० सीसीच्या पेट्रोल इंजिनांबद्दल आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच इंजिन धरलंय: १२०० सीसी, चार सिलिंडर, ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) ८४ अश्वशक्ती.

बाहेरून बसवायचे तीन-चार पार्ट लावून किती ताकद वाढेल?

खोक्यांवरच्या आकड्यांची बेरीज करू नका, हे पहिलं. फिल्टरच्या खोक्यावर ५ टक्के, सायलेन्सरच्या ८, प्लगच्या ३, रिमॅपच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलण्याच्या) जाहिरातीत १० असं लिहिलेलं असतं आणि माणूस मनातल्या मनात २६ टक्के धरून बसतो. चांगल्या स्थितीतल्या गाडीत इन्टेक (हवा आत येण्याची वाट), एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याची वाट) आणि रिमॅप हे तिन्ही नीट जुळवून केले, तर सगळे मिळून ५ ते १० टक्के मिळतात. म्हणजे आपल्या इंजिनात ४ ते ८ अश्वशक्ती.

हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कॉम्प्रेशन असं इंजिन उघडून केलेलं काम २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. पण त्या वाटेवर खर्च, आवाज, आयडलिंग आणि खालच्या आरपीएमची ओढ या सगळ्यांत काही ना काही सोडावं लागतं. काय सोडायला तयार आहात हे आधी ठरवा, मग पार्ट शोधा.

टर्बो गाडीत नुसत्या रिमॅपने २०-२५ टक्के वाढतात, मग आपल्यातच का नाही?

घोडं तिथेच पेंड खातं. टर्बो गाडीत रिमॅप करणारा बूस्ट वाढवतो, म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. आपल्या इंजिनाला हवा वातावरणाच्या दाबावर मिळते, तेवढीच. सॉफ्टवेअर लिहून वातावरणाचा दाब वाढत नाही.

हिशोब करून पाहू. चार स्ट्रोकचं १२०० सीसी इंजिन दर दोन फेऱ्यांत १.२ लिटर हवा ओढतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर, सेकंदाला ६० लिटर. हवेचं वजन लिटरला साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरले तर सेकंदाला ७२ ग्रॅम हवा. प्रत्यक्षात ते साधारण ९० टक्के भरतात, म्हणून ६५ ग्रॅम धरा. पूर्ण ताकदीसाठी हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण १२.५ ते १३ ला १ असतं, तेव्हा पेट्रोल सेकंदाला ५ ग्रॅम. त्यातली जेमतेम २८ टक्के ऊर्जा क्रँकवर येते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. उत्तर येतं ६२ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे आपली ८४ अश्वशक्ती.

या साखळीत हात घालायच्या जागा मोजक्याच आहेत. सिलिंडर जास्त भरा, तीच हवा जास्त चांगली जाळा, घर्षण आणि ओढाताणीतला तोटा कमी करा, किंवा मिनिटाला जास्त वेळा हवा भरा. समोर येणारा कुठलाही पार्ट यापैकी नेमकं काय करतो, हे विकणाऱ्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर पुढे बोलायची गरज नाही.

मग जपानी इंजिनांनी लिटरमागे १०० अश्वशक्ती कशी काढली?

हा प्रश्न नीट समजला की अर्धा विषय कळतो. होंडाचं १९८९ चं बी१६ए इंजिन घ्या: १५९५ सीसी, ७६०० आरपीएमला १६० अश्वशक्ती. आपल्या १२०० सीसीच्या मानाने लिटरमागे जवळजवळ दीडपट. पण त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पाहा. तो १५२ न्यूटन मीटर आहे, म्हणजे लिटरमागे ९५. रोजच्या वापरातल्या साध्या १२०० सीसी इंजिनाचा टॉर्क ११० ते ११५ असतो, म्हणजे लिटरमागे ९२ ते ९६. जवळपास तेवढाच!

फरक एवढाच की होंडाने तो टॉर्क ७००० च्या पुढेपर्यंत टिकवला. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३. आपलं इंजिन ६००० ला साधारण ९८ न्यूटन मीटर देतं, म्हणून ८४ अश्वशक्ती. तेच ९८ न्यूटन मीटर ६८०० ला टिकवता आले तर ९५ अश्वशक्ती होतात, कमाल टॉर्क एका न्यूटन मीटरनेही न वाढवता.

बिनटर्बो इंजिनाचा ट्यूनर आयुष्यभर हेच करतो: टॉर्कचा उतार उशिरा सुरू व्हावा म्हणून झटतो. होंडाच्याच एस२००० मधलं १९९७ सीसीचं इंजिन जपानी रूपात ८३०० ला २५० अश्वशक्ती देत होतं. त्यातही लिटरमागचा टॉर्क १०९ च होता. त्या कारखान्याकडे अख्खं इंजिन नव्याने आखण्याची मोकळीक होती. आपल्याकडे आयतं इंजिन आहे आणि त्याचं हेड ६००० च्या हिशोबाने कोरलेलं आहे.

गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. रिमॅप करून घेऊ का?

नको. गेलेली ताकद आधी परत आणा. जुन्या गाडीत हीच सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्वस्त वाढ असते, फक्त तिचा फोटो काढून कुणाला दाखवता येत नाही, म्हणून कुणी करत नाही.

सुरुवात पेडलपासून करा. इंजिन बंद ठेवून एकाला ऍक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि केबलची गाडी असेल तर इन्टेकचा पाइप काढून थ्रॉटलची पाकळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ती पूर्ण उघडून हवेच्या वाटेला समांतर होते का? ताणलेली केबल, चुकीचं ऍडजस्टमेंट, पेडलखाली दुमडलेली जाड मॅट, यांतल्या कशानेही पाकळी थोडी तिरकी राहते आणि मालक महिनोन् महिने 'पिकअप गेला' म्हणत फिरतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर हेच स्कॅनरवर दिसतं.

मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती आला यापेक्षा चौघांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून ती कुठून गळते ते पाहा. हवा ऑइलच्या झाकणातून फुसफुसली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इन्टेकमधून आली तर इन्टेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

टॅपेट सेटिंग, प्लगचा गॅप, पेट्रोलचा दाब, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरमच होत नाही आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल ओतत राहतो), हे सगळं पाहून घ्या. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेल्या इंजिनात इन्टेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बनचे थर साचतात, कारण तिथून पेट्रोल वाहतच नाही. ते साफ केल्यावर वरच्या आरपीएमला जो फरक पडतो तो कुठल्याही फिल्टरने पडत नाही. चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) ओळखायचा तर इन्टेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांना) व्हॅक्यूम गेज लावा आणि २५०० आरपीएम धरून ठेवा. काटा हळूहळू खाली येत राहिला तर धूर पुढे जायला जागा नाही.

आणि दोष इंजिनाचाच आहे हेही गृहीत धरू नका. फेरी मारून आल्यावर एकाच चाकाची रिम तापलेली असेल तर ब्रेक धरून राहतोय. वरच्या गिअरमध्ये पूर्ण पेडल दाबल्यावर आरपीएम चढले पण वेग चढला नाही तर क्लच घसरतोय.

पार्ट विकत घेण्याआधी फायदा होईल का हे कळायची काही सोय आहे का?

आहे, आणि ती बहुतेक गाड्यांत आधीपासून बसवलेली आहे. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचा साधा स्कॅनर त्याचा आकडा किलोपास्कलमध्ये दाखवतो.

किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. दिसतो तो बाहेरच्या हवेचा दाब, समजा १०० (उंचावर राहत असाल तर कमी). आता मोकळ्या, सुरक्षित जागी, शक्यतो बंद ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल दाबून ६००० पर्यंत न्या आणि आकडे रेकॉर्ड करा. स्कॅनर शेजारच्याच्या हातात द्या, गाडी चालवताना त्यात डोकं घालू नका. वरच्या टोकाला आकडा ९७ आला, तर फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल बॉडी या तिघांचा मिळून तोटा ३ टक्के. जगातला सर्वोत्तम इन्टेक बसवला तरी त्या ३ टक्क्यांतलाच काही भाग परत मिळणार. आकडा ९० पर्यंत घसरत असेल तर मात्र तिथे खरंच काहीतरी अडतंय, तेव्हा खर्च सार्थकी लागेल.

मॅप सेन्सरऐवजी हवेचं वजन मोजणारा मॅफ सेन्सर असेल तर वरचा हिशोब वापरा. १२०० सीसीला ६००० वर सेकंदाला ६२ ते ६६ ग्रॅम दिसले तर इंजिन ठणठणीत आहे. ५० दिसले तर शोधाशोध सुरू करा, आणि त्यात आधी तो सेन्सरच मळलाय का ते पाहा.

धुता येणारा परफॉर्मन्स एअर फिल्टर?

मूळ स्वच्छ कागदी फिल्टरच्या जागी बसणारा असेल तर एखादा टक्का, तोही शेवटच्या हजार आरपीएममध्ये. वरची मॅप चाचणी फिल्टर काढून एकदा करून पाहा. अजिबात फिल्टर नसताना जो आकडा येतो त्याच्या पलीकडे कुठलाच फिल्टर जाऊ शकत नाही. चाचणी झाली की तो लगेच परत बसवा, धूळ सिलिंडर घासून काढते.

उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावल्यावर आवाज जबरदस्त येतो. ताकद?

कानाला वाटते, चाकाला नाही. मूळ एअरबॉक्स बोनेटच्या पुढच्या कडेकडून, रेडिएटरच्या बाहेरून थंड हवा घेतो. उघडा फिल्टर इंजिनाशेजारची तापलेली हवा घेतो. बाहेर ३० अंश आणि फिल्टरपाशी ६० अंश असेल तर हवेची घनता ९ टक्क्यांनी कमी. पोर्टच्या (हेडमधल्या हवेच्या मार्गाच्या) भिंती हवेला तसंही गरम करतातच, त्यामुळे ताकदीचा तोटा पूर्ण ९ टक्के नसतो, साधारण त्याच्या निम्मा धरा. तरीही फिल्टरने मिळवून दिलेला एक टक्का देऊन वर तीन-साडेतीन गमावलेच.

स्कॅनरवर इन्टेकच्या हवेचं तापमान दिसतं. गाडी चालत असताना ते बाहेरच्या तापमानापेक्षा ५-१० अंशांनी जास्त असेल तर तुमचा मूळ बॉक्स उत्तम काम करतोय, त्याला हात लावू नका. मूळ एअरबॉक्सची आणि पाइपची लांबीसुद्धा कारखान्यात हवेच्या दाबाच्या लहरींचा हिशोब करून ठरवलेली असते. ती छाटली की मधल्या आरपीएमचा टॉर्क बऱ्याचदा पडतो.

पुढून वारा घेणारा स्कूप लावला तर हवा आपोआप कोंबली जाईल ना?

१०० किमी वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब अर्ध्या किलोपास्कलपेक्षाही कमी भरतो, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. २०० किमीला दोनच्या आत. स्कूपचा उपयोग थंड हवा मिळण्यापुरता.

मोठा सायलेन्सर आणि हेडर यांतलं काय आधी?

दोन्ही करायचे असतील तर आधी हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या पाइपने नेऊन पुढे एकत्र आणणारी जोडणी. सायलेन्सरच्या शेवटच्या डब्याने आवाज बदलतो, ताकद क्वचितच.

हेडरचं काम नुसती वाट मोकळी करणं नाही. व्हॉल्व्ह उघडताच धुराचा दाबाचा ठोका पाइपमधून पुढे धावतो, पाइप जिथे एकत्र येतात तिथे पोचल्यावर त्याची उलट, कमी दाबाची लहर मागे परत येते. ती नेमकी इन्टेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना सिलिंडरपाशी पोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या हवेला आत खेचते. ती कधी पोचेल हे पाइपच्या लांबीवर ठरतं, म्हणून प्रत्येक हेडर एका ठरावीक आरपीएमच्या टप्प्यातच चांगला चालतो. चारातून दोन, दोनातून एक अशी रचना मधल्या टप्प्यात पसरून फायदा देते. चारातून थेट एक ही वरच्या टोकाला. रोजच्या गाडीला पहिली.

तीन सिलिंडरच्या इंजिनात ठोके २४० अंशांच्या अंतराने येतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत, त्यामुळे तिथे साधा हेडरही बरा चालतो. अनेक नव्या छोट्या इंजिनांत मात्र एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, बाहेर एकच भोक. तिथे हेडरचा विषयच संपतो.

पण इंजिनाला थोडा बॅकप्रेशर लागतो म्हणतात?

लागत नाही. लागतो तो धुराचा वेग. फार जाड पाइप लावला की धूर रेंगाळतो, लहरींचं गणित बिघडतं, खालचा टॉर्क जातो, आणि लोक म्हणतात 'बॅकप्रेशर गेला'. ८०-९० अश्वशक्तीच्या इंजिनाला पावणेदोन इंचाच्या आसपासचा पाइप पुरतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला तर?

चांगल्या स्थितीतला कॅट या ताकदीच्या इंजिनात फारसं अडवत नाही. काढला तर बहुतेक देशांत गाडी रस्त्यासाठी बेकायदा ठरते, मागचा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि विषारी वायू थेट बाहेर पडतो. चोंदला असेल तर बदला. काढू नका.

रिमॅपमध्ये नेमकं काय बदलतात?

पूर्ण पेडलला मिक्श्चर कारखान्याने सुरक्षिततेसाठी जरा जास्तच रिच (पेट्रोल जास्त असलेलं) ठेवलेलं असू शकतं, ते ताकदीच्या प्रमाणाकडे आणतात. इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) जिथे जागा आहे तिथे एक-दोन अंश पुढे घेतात. व्हेरिएबल कॅम असेल तर त्याचे कोन बदलतात. आरपीएमची मर्यादा थोडी वर सरकवतात. एवढंच. या सगळ्यातून ३ ते ७ टक्के आले तर काम चांगलं झालं म्हणा.

त्याहून जास्त 'जाणवत' असेल तर पेडलचा नकाशा बदललेला आहे: अर्ध्या पेडलला थ्रॉटल तीन चतुर्थांश उघडतो. गाडी चपळ वाटते, पण पेडल तळाला टेकलं की ताकद तेवढीच. पेडलला जोडायच्या छोट्या डब्या हेच करतात आणि फक्त हेच करतात.

रिमॅप करणारा वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिक्श्चर मोजणारा) लावून, नॉकिंगवर (मिक्श्चर आपोआप पेटून होणाऱ्या ठोक्यांवर) कान ठेवून, तुमच्याच गाडीवर काम करतोय की लॅपटॉपमधली आयती फाइल ओततोय, हे पाहा. आणि फिल्टर, हेडर, कॅम जे काय बसवायचं ते आधी बसवा. रिमॅप सगळ्यात शेवटी असतो, नाहीतर दोनदा पैसे.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तर?

ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याची क्षमता. त्यात जास्तीची ऊर्जा नसते. इंजिन कमी ऑक्टेनवर नॉक करत असेल, आणि ईसीयू नॉक सेन्सरचं ऐकून टायमिंग मागे घेत असेल, तरच चांगल्या पेट्रोलने ते परत पुढे येतं आणि ताकद परत मिळते. कमी कॉम्प्रेशनच्या, नॉक न करणाऱ्या इंजिनाला काहीच फरक पडत नाही. कॉम्प्रेशन वाढवलं की मात्र ही चैन न राहता गरज होते.

इरिडियम प्लग, पेट्रोलच्या पाइपवर चुंबक, ओबीडीत खोचायची पॉवर चिप?

इरिडियम प्लग जास्त टिकतो, ताकद वाढवत नाही. चुंबक काहीच करत नाही. खोचायच्या चिपा बहुतांशी दिवे लुकलुकवतात. इन्टेक तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर लावून ईसीयूला 'हवा थंड आहे' असं खोटं सांगणारी युक्ती तर उलट नॉकिंग ओढवून घेऊ शकते. पी हळद आणि हो गोरी असं इंजिनात चालत नाही.

मोठी थ्रॉटल बॉडी?

मॅप चाचणीत फिल्टर काढूनही वर ४-५ टक्के तोटा दिसत असेल तरच.

कॉम्प्रेशन वाढवायचं तर हेड किती घासायचं?

आपल्या इंजिनात एका सिलिंडरचे ३०० सीसी. कॉम्प्रेशन १० ला १ असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ३३.३ सीसी. ११ ला १ करायचं तर ३० सीसी हवी. म्हणजे जेमतेम ३.३ सीसी काढायचे. ७३ मिमी बोअरवर पूर्ण रुंदीने धरलं तर ०.८ मिमी. हेडमधला चेंबर बोअरपेक्षा लहान असतो, त्यामुळे घासावं त्याहून जास्त लागतं. चेंबरचं आकारमान ब्युरेटने थेंब थेंब मोजल्याशिवाय हात लावू नका; चारही चेंबर सारखे निघतील असं समजू नका.

मिळतं काय? एका आकड्यामागे २-३ टक्के, आणि हे सगळ्या आरपीएमला मिळतं, मायलेजसकट. म्हणून मला हे काम आवडतं. पण हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या तेवढे जवळ येतात, आणि वरच्या कॅमच्या इंजिनात चेन किंवा बेल्टचं अंतर कमी होऊन कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं. ऍडजस्ट होणारी कॅम पुली लावून ते परत जुळवावं लागतं.

कॅमशाफ्ट बदलणं सगळ्यात प्रभावी म्हणतात, खरं का?

वरच्या टोकाला, हो. कॅम ठरवतो की व्हॉल्व्ह किती वेळ आणि किती उघडे राहणार, आणि टॉर्क कुठल्या आरपीएमला बसणार हे बरंचसं तिथेच ठरतं. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला की ६५०० ला सिलिंडर छान भरतो. पण २००० ला, जेव्हा हवेला वेग नसतो, तेव्हा आत आलेली हवा पिस्टन वर येताना परत बाहेर ढकलली जाते. वर मिळवलेलं खाली फेडावं लागतं.

२६०-२७० अंशांचा (व्हॉल्व्ह उघडा असताना क्रँक जेवढे अंश फिरतो तो आकडा) सौम्य कॅम रोजच्या गाडीला सोसतो. ३०० च्या आसपासचा शर्यतीचा. त्यावर इंजिन ७५० ला आयडल होत नाही, हजाराच्या वर ठेवावं लागतं, गदगदतं, आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम इतका कमी होतो की ब्रेक बूस्टरला पुरत नाही. पेडल दगडासारखं कडक लागतं. हे शेवटचं कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं.

कॅमबरोबर व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलाव्या लागतात, नाहीतर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि पिस्टनला भेटतो. बसवल्यावर पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवून, व्हॉल्व्हने पाडलेल्या खड्ड्याखाली माती किती जाड उरली ते मोजा. इन्टेककडे दीड मिमी आणि एक्झॉस्टकडे दोन मिमीच्या खाली जाऊ नका.

पोर्टिंग म्हणजे भोकं मोठी करायची ना?

ग्राइंडर घेतलेल्या नवशिक्याची हीच समजूत असते आणि त्यातूनच चांगली हेडं वाया जातात. पोर्ट मोठा केला की हवेचा वेग कमी होतो, आणि वेगानेच तर पिस्टन खालून परत वळल्यावरही हवा आत घुसत राहते. काम असतं ते व्हॉल्व्हच्या आसपासच्या दोनेक सेंटिमीटरमध्ये: सीटच्या (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कड्याच्या) खालची कड, पोर्टच्या वळणाची आतली बाजू, आणि गॅस्केटपाशी हेड आणि मॅनिफोल्डची न जुळणारी तोंडं. सीट तीन कोनांत कापून घेणं हा इथला सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात खात्रीचा भाग. इन्टेक पोर्ट आरशासारखा चकचकीत करून काही मिळत नाही. एक्झॉस्ट आणि चेंबर गुळगुळीत केले तर कार्बन कमी चिकटतो, तेवढं ठीक.

फ्लो बेंच (हेडमधून किती हवा वाहते ते मोजणारं यंत्र) नसेल तर सीट आणि गॅस्केटची जुळणी एवढ्यावर थांबा.

नुसती आरपीएमची मर्यादा वाढवली तर?

टॉर्क आधीच घसरत असेल तर वर नुसता आवाज मिळेल. शिवाय पिस्टन आणि रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० वरून ७५०० म्हणजे आरपीएम १५ टक्के जास्त, ताण ३३ टक्के जास्त. रॉडचे बोल्ट सगळ्यात आधी शरण येतात. पिस्टनचा सरासरी वेग काढून ठेवा: स्ट्रोक मीटरमध्ये, गुणिले २, गुणिले आरपीएम, भागिले ६०. साध्या ओतीव पिस्टनच्या इंजिनात सेकंदाला २० मीटरच्या आत राहिलेलं बरं. एस२००० चं इंजिन ९००० ला २५ वर जायचं, पण ते त्यासाठीच घडवलेलं होतं.

सगळं करायचं ठरवलं तर क्रम काय?

दुरुस्ती आणि मोजमाप. मग हेड एकदाच उतरवा आणि सीट, पोर्टची जुळणी, कॉम्प्रेशन, कॅम, स्प्रिंग हे सगळं त्याच वेळी उरका. त्याला साजेसा हेडर. शेवटी रिमॅप. एकेक पार्ट सहा-सहा महिन्यांनी बसवणाऱ्याला प्रत्येक वेळी निराशाच पदरी येते, कारण कॅमला हवा हवी असते, हवेला पोर्ट, आणि या सगळ्यांना जुळणारं टायमिंग.

जुन्या मिनीकडे पाहा. १९५९ ची मूळ मिनी ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्तीची. १९६१ च्या कूपरमध्ये स्ट्रोक वाढवून ९९७ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन, आणि ५५ अश्वशक्ती. लिटरमागे ४० ची ५५ झाली ती पॅकेज म्हणून केल्यामुळे.

इंजिनाला हात न लावता गाडी वेगवान करता येते का?

येते, आणि छोट्या इंजिनाच्या गाडीत हा मार्ग लोक उगाच दुर्लक्षितात. चालकासह १००० किलोच्या गाडीतून ५० किलो कमी केले, तर वेग घेताना ते ८४ चे ८८ अश्वशक्ती केल्यासारखंच. फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचं शेवटचं गिअर-गुणोत्तर) ४.१ चा ४.४ केला तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ ७ टक्के वाढते. बदल्यात हायवेला आरपीएम तेवढेच चढे राहतात. याउलट दिसायला भारी म्हणून ५ टक्के जास्त व्यासाचे टायर लावलेत की ५ टक्के ओढ गेली, वर ते जडही असतात. रिमॅपला पैसे देऊन मिळवलेली ताकद कितीतरी जण असल्या टायरांवर खर्चून बसलेले असतात.

डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ६ अश्वशक्ती वाढली असा कागद मिळाला. खरा मानू?

त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा आणि इंजिन तेवढंच तापलेलं असताना आधीचं आणि नंतरचं रीडिंग घेतलंय का? दोन्ही वेळा तीन-तीन फेऱ्या झाल्यात का? डायनोचीच १-२ टक्क्यांची हेलकावणी असते, म्हणजे आपल्या इंजिनात दीड अश्वशक्ती तर काहीच न करता इकडची तिकडे होते. हवामानाची दुरुस्ती कुठल्या मानकाने केली तेही पाहा: डीआयएन (जर्मन) आणि एसएई (अमेरिकी) मानकांचे संदर्भ वेगळे आहेत. कमाल आकड्यापेक्षा दोन आलेख एकावर एक ठेवा आणि ३००० ते ५००० मध्ये रेघ खाली तर गेली नाही ना ते बघा.

एवढ्या खटाटोपापेक्षा टर्बोच बसवला तर?

अश्वशक्तीमागच्या खर्चाच्या हिशोबात टर्बो जिंकतो, हे कबूल. पण ११ ला १ कॉम्प्रेशनच्या इंजिनात बूस्टला जागा फार थोडी असते, आणि क्लच, गिअरबॉक्स, कूलिंग, इंजेक्टर यांची रांग लागते. त्यापेक्षा त्याच गाडीत बसणारं मोठं मूळ इंजिन मिळत असेल तर आधी त्याची चौकशी करा. २० टक्के जास्त सीसी म्हणजे २० टक्के जास्त हवा, तीही आयडलपासून.

मायलेज, विमा आणि इंजिनाचं आयुष्य?

कॉम्प्रेशन आणि चांगल्या टायमिंगने मायलेज सुधारतं. मोठ्या कॅमने बिघडतं. विमा कंपनीला बदल कळवले नाहीत तर दावा अडकू शकतो. वॉरंटीतल्या गाडीचा ईसीयू उघडला तर इंजिनाची वॉरंटी धोक्यात येते. आयुष्याचं म्हणाल तर ताकदीपेक्षा नॉकिंग आणि ऑइल यांनी इंजिनं जास्त मरतात.

मग जास्त जाड ऑइल टाकून ठेवू?

मॅन्युअलमधल्या ग्रेडमध्येच राहा. जाड ऑइल पंपाचा भार वाढवतं, थंड इंजिनात उशिरा पोचतं आणि व्हेरिएबल कॅमची यंत्रणा सुस्त करतं, म्हणजे आत्ताच मिळवलेली ताकद खातं. ट्रॅकवर नेणार असाल तर ऑइलचा दाब दाखवणारा गेज लावा. लांब, वेगवान वळणात काटा पडत असेल तर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जमा होऊन पंपाचं तोंड उघडं पडतंय. तिथे ग्रेड बदलून उपयोग नाही, चेंबरमध्ये आडोशाच्या पट्ट्या बसवून घ्याव्या लागतात, आणि तोवर पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवायची.